जंगलाचं गणित कॉम्प्युटरवर मांडताय, मग झाडांची मोजणी बंद पडू देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जंगलं किती कार्बन शोषून घेतात, २०५० पर्यंत किती शोषतील, आज लावलेली रोपं तीस वर्षांनी केवढी होतील, असे आकडे हल्ली पेपरात सारखे येतात. वाचणाऱ्याला वाटतं कोणीतरी जाऊन मोजलं असणार. पण पुढच्या तीस वर्षांचं जंगल आज कोण मोजणार, ते कॉम्प्युटरवर वाढवून बघतात, त्याला सिम्युलेशन म्हणतात, आणि त्यात काही गैर नाही, दुसरा मार्गच नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की ते कॉम्प्युटरमधलं जंगल खऱ्या जंगलाशी ताडून बघितलं का, कुठल्या जंगलाशी आणि किती वर्षांच्या मोजणीशी, हे बातमीत एका ओळीत तरी आलं पाहिजे. मी सिंधुदुर्गात वनस्पतीशास्त्र शिकवते, मुलं मला हे आकडे दाखवून विचारतात मॅडम हे खरं का, आणि दर वेळी मला तीच एक ओळ सापडत नाही, म्हणून हे पत्र.

ही कॉम्प्युटरमधली जंगलं, म्हणजे मॉडेल्स, चालतात कशी ते थोडं सांगते. त्यात एकेक झाड किंवा झाडांचे गट असतात, त्यांना ऊन किती मिळतं, पाणी किती मिळतं, त्यावरून खोड दरवर्षी किती जाड होईल ते काढतात, मग कुठलं झाड मरेल, ते पडल्यावर वरचं छत उघडून खाली ऊन कसं येईल, त्या उजेडात कुठली रोपं वर येतील, असं वर्षामागून वर्ष चालवत नेतात. १९७२ साली अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जंगलासाठी जबोवा नावाचं असं मॉडेल प्रसिद्ध झालं आणि तिथून ही पद्धत पुढे उष्ण कटिबंधातल्या जंगलांकडे आली. पण थंड प्रदेशात एका जंगलात मोजक्या जाती, आणि खोडात वर्षाला एक कडं स्पष्ट उमटतं, म्हणजे झाड किती वाढलं ते खोडातच लिहिलेलं असतं. आपल्यासारख्या उष्ण भागात बऱ्याच झाडांत तशी स्पष्ट कडी दिसत नाहीत (साग वेगळा, त्यात दिसतात), त्यामुळे वाढ कळायला एकच उपाय, आज घेर मोजा, नंबर द्या, पाच वर्षांनी त्याच झाडाकडे परत या आणि त्याच उंचीवर पुन्हा मोजा.

हे जगात सगळ्यात नेटाने कुठे झालं असेल तर पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, पाणी चढलं आणि एका टेकडीचं बेट झालं. तिथे स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० ला ५० हेक्टरचा प्लॉट आखायला घेतला, एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद, आणि त्यातलं एक सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक झाड, हो प्रत्येक, म्हणजे दोन लाखांहून जास्त खोडं आणि जाती ३०० च्या आसपास, मोजून नकाशावर मांडलं. १९८५ पासून साधारण दर पाच वर्षांनी हे परत होतंय. पहिली मोजणी संपता संपता १९८२-८३ चा एल निनो आला, कोरडा हंगाम लांबला, आणि १९८५ च्या मोजणीत दिसलं की त्या काळात झाडं नेहमीपेक्षा जास्त मेली होती, ओलाव्याला चटावलेल्या काही जाती तर नंतरही घटत गेल्या. दहा वर्षं उशिरा सुरुवात केली असती तर हे कळलंच नसतं.

आता मॉडेल तपासायचं म्हणजे काय, इथे लोकांचा घोळ होतो. समजा १९८५ ते १९९० मधले वाढीचे आणि मरणाचे दर मॉडेलमध्ये घातले आणि मग मॉडेलने १९९० चं जंगल बरोबर दाखवलं, तर त्यात काय सिद्ध झालं? काहीच नाही, जे घातलं तेच बाहेर आलं. मॉडेल बसवायला वापरलेली मोजणी वेगळी आणि परीक्षेची मोजणी वेगळी हवी, नंतरच्या वर्षांची किंवा दुसऱ्याच जंगलाची, तीही मॉडेल बनवताना हात न लावलेली.

आणि परीक्षा कशाची घ्यायची हेही महत्त्वाचं आहे. बहुतेक वेळा एकच गोष्ट बघतात, हेक्टरी एकूण वजन म्हणजे बायोमास जुळतो का. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असली की आपण मार्क कापतो, तसं इथे कोणी कापत नाही. मॉडेलने झाडं खऱ्यापेक्षा जोरात वाढवली आणि खऱ्यापेक्षा जास्त मारली तरी एकूण वजन जुळून जाईल, आजच्या हवेत जुळेल, पण हवा तापली पाऊस बदलला की दोन्ही चुका वेगवेगळ्या दिशेला जाणार आणि मग तो २०५० चा आकडा कोण सांभाळणार. म्हणून वाढ वेगळी ताडायची, मरण वेगळं, नवीन रोपांची भर वेगळी, मोठी झाडं किती आणि बारीक किती हे वेगळं.

हे मी मनाने सांगत नाहीये. २०१६ ला अॅमेझॉनच्या प्लॉट्सवरचा एक अभ्यास आला, त्यात चार मोठी मॉडेल्स मोजणीसमोर ठेवली होती. मॉडेल्सच्या हिशोबाने जिथे वाढ जास्त तिथे बायोमास जास्त. जमिनीवर तसं नव्हतं, कुठल्या भागात किती बायोमास हे ठरत होतं झाडं मरतात किती यावरून. म्हणजे मॉडेल्सचं सगळं लक्ष पानातल्या प्रकाशसंश्लेषणावर आणि झाड मरतं कसं याची व्यवस्था अगदी ढोबळ, दरवर्षी इतके टक्के मरतील असं धरून चालायचं.

मरणाची गोष्ट निघाली म्हणून ब्राझीलचे दोन प्रयोग सांगितलेच पाहिजेत. तापाजोस आणि काशिउआना इथे जंगलात जमिनीच्या थोडं वर प्लॅस्टिकचे पॅनल लावले आणि खाली पडणारं निम्म्याच्या आसपास पावसाचं पाणी बाहेर वळवलं, म्हणजे मुद्दाम दुष्काळ आणला, काशिउआनात हे २००२ पासून चाललं. पहिली काही वर्षं जंगलाने सहन केलं, नंतर मोठी झाडं मरायला लागली, आधी मोठीच. २०१३ ला पाच मॉडेल्सना या दोन्ही ठिकाणचा कोरडा काळ चालवायला दिला. नेहमीच्या पावसात त्यांचा हिशोब बराच जुळत होता पण दुष्काळात जे नुकसान जमिनीवर दिसत होतं ते मॉडेल्सना नीट दाखवता आलं नाही. नेहमीच्या वर्षात पास झालेलं मॉडेल दुष्काळात नापास, आणि आपण त्याला विचारतोय काय, तर पुढच्या दुष्काळात काय होईल! मग २०१५ ला काशिउआनाच्याच झाडांवर दिसलं की ती उपाशी राहून मरत नव्हती, साठवलेली साखर होती त्यांच्यात, मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी वर चढवणाऱ्या नळ्या निकामी होत होत्या. त्यानंतर मॉडेल्समध्ये झाडाच्या आतल्या पाण्याचा हिशोब घालायचं काम वाढलं. म्हणजे मोजणीमुळे मॉडेल सुधारलं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते, कारण मॉडेल चुकलं म्हणून कोणी फेकून दिलं नाही, कुठे चुकलं ते झाडांकडे जाऊन शोधलं.

तापाजोसचंच अजून एक. तिथे टॉवर उभारून जंगलाच्या वर हवेतल्या कार्बनची देवाणघेवाण मोजली, तर मॉडेल सांगत होती की कोरड्या महिन्यांत जंगल मंदावेल आणि टॉवर दाखवत होता उलट, त्या महिन्यांत जंगल जास्त कार्बन घेत होतं. मुळं खोल होती, ढग कमी म्हणून ऊन जास्त, आणि नवी पालवी त्याच दिवसांत येत होती. एवढी दिशाच उलटी निघाली होती.

आता आपल्याकडे येते. भारतात असा ५० हेक्टरचा प्लॉट तमिळनाडूत मुदुमलईला आहे, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या रामन सुकुमार यांनी १९८८ च्या सुमारास सुरू केलेला. तिथलं जंगल कोरडं पानझडी, आणि तिथे झाडं मारणारे दोन मोठे घटक म्हणजे वणवा आणि हत्ती. किडिया, ज्याला आपल्याकडे वारंग म्हणतात, ते हत्तींनी साल आणि फांद्या खाऊन तिथे एकदम कमी झालं. पनामाच्या बेटावर हत्ती नाहीत, वणवाही असा लागत नाही, तर पनामावर बसवलेलं मॉडेल मुदुमलईत जसंच्या तसं कसं चालेल? कर्नाटकात कोडगूमध्ये उप्पंगळाला सदाहरित जंगलाचा प्लॉट आहे, पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९० च्या सुमारास आखलेला. ही दोन नावं आपल्या प्रत्येक वनाधिकाऱ्याला आणि पर्यावरणाच्या प्रत्येक पत्रकाराला माहीत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

पण आपला सह्याद्री या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली, तिळारी, खाली गोव्यात म्हादई आणि मोले, इथे चार महिन्यांत धो धो पाऊस आणि मग जवळजवळ कोरडे महिने, वर जांभ्याचे सडे म्हणजे उघडी खडकाळ पठारं, माती काही ठिकाणी वीतभर. घाटमाथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा अशी बुटकी वाऱ्याने दाबलेली सदाहरित झाडी, आणि त्याच डोंगराच्या खाली ऐन, किंजळ, नाणा. ऐन पावसाळ्यात पाणी भरपूर पण आठवडे आठवडे ढग, ऊन नाही, ऊन येतं तेव्हा पाणी संपत आलेलं. अॅमेझॉनची खोल माती धरून चालणाऱ्या मॉडेलला हा सडा कळणार कसा? कळेलही, पण आधी इथली मोजणी द्यावी लागेल.

कोणी म्हणेल सॅटेलाइट आहे की. आहे, आणि २०२५ ला तर जुलैमध्ये श्रीहरिकोटाहून आपला आणि नासाचा निसार गेला, एप्रिलमध्ये युरोपचा बायोमास नावाचाच सॅटेलाइट गेला, दोन्ही रडारने जंगल बघतात आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण रडारला झाडाचं वजन थेट कळत नाही, त्याला जो सिग्नल परत येतो त्याचं टनात रूपांतर करायला जमिनीवर मोजलेले प्लॉट लागतातच. आणि आपल्या देशाच्या वन अहवालात एक हेक्टर किंवा जास्त जागेत झाडांचं छत १० टक्के किंवा जास्त असलं की ते वनाच्छादन, मग जागा कोणाचीही असो आणि झाड कुठलंही असो, आंब्याची बाग आणि जुनं राई-जंगल एकाच रंगात येऊ शकतं. छताखाली पुढच्या पिढीची रोपं आहेत की नाहीत हे त्यातून कळत नाही, आणि पुढच्या पन्नास वर्षांचं मॉडेल त्या रोपांवरच उभं असतं.

मोजणी म्हणजे अंतिम सत्य असंही मी म्हणत नाही, तिलाही खूप सांभाळावं लागतं. आपल्याकडे वनखात्याची पद्धत १.३७ मीटरवर घेर घ्यायची, बाहेर १.३ वर व्यास घेतात. बुंध्याला फळीसारखी आधारमुळं असली तर त्यांच्या वर चढून मोजावं लागतं आणि मुळं वाढली की मोजायची जागाही वर सरकते. शिवाय घेरावरून वजन काढायचं सूत्र लागतं, २०१४ चं जे उष्ण कटिबंधातल्या जंगलांसाठी सगळीकडे वापरतात ते ५८ ठिकाणची ४,००४ झाडं तोडून वजन करून बनवलंय. आणि प्लॉट लहान असला तर एक मोठं झाड पडलं की सगळा आकडा हलतो. या चुका किती हे सांगून मगच मॉडेलशी तुलना करायची असते. फक्त या कामाला वेळ लागतो, आणि आपल्याकडे पैसे येतात तीन वर्षांचे. आमच्या भागात एका प्रकल्पात झाडांना नंबरचे बिल्ले ठोकले, एकदा सगळं मोजलं, ग्रँट संपली आणि पुन्हा कोणी आलं नाही, आता बिल्ले सालीत रुतत चाललेत. एकदाच मोजलेल्या प्लॉटवरून वाढही कळत नाही आणि मरणही नाही. त्या मुलांची मेहनत बघितलीय मी, कंबरभर कारवीतून, जळवा काढत काढत केलेली, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तर आपल्या पेपरला विनंती, जंगलाचा पुढचा आकडा छापताना देणाऱ्याला विचारा की मॉडेल कुठल्या प्लॉटवर तपासलं, ती मोजणी मॉडेल बसवायला वापरलेली होती का, आणि दुष्काळाच्या वर्षात ते किती चुकलं. उत्तर नसेल तर तसं छापा. आणि महाराष्ट्र आणि गोवा सरकारला विनंती, घाटमाथ्यावर आणि पायथ्याला काही प्लॉट कायमचे आखून द्या, निदान तीस वर्षांचा खर्च आधी बाजूला काढून, मोजणी आसपासच्या गावातल्या झाडं ओळखणाऱ्या माणसांना शिकवून पगारावर द्या, आणि डेटा सगळ्यांना उघडा ठेवा. जिथे गाव हो म्हणेल तिथे देवराईपासून सुरुवात करता येईल, कारण तिथे जुनी झाडं अजून उभी आहेत आणि तोड होणार नाही याची काळजी गावच घेतं. आमच्या कॉलेजची मुलं पहिल्या मोजणीला यायला तयार आहेत, टेप आमच्याकडे आहेत, बिल्ले आणि परवानगी तेवढी द्या.

आपली,
एक वाचक, जि. सिंधुदुर्ग