नेव्हिगेटरच्या खोक्यावर नकाशाची तारीख छापा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

रस्त्याच्या प्रवासासाठी कोणता जीपीएस नेव्हिगेटर घ्यावा, यावर छापून येणारी माहिती पडदा किती इंची, आवाज किती भाषांत आणि उपग्रह किती पकडतो यापलीकडे सहसा जात नाही. खरेदी करणाराही मग तेवढेच विचारतो. वाटेत घोळ घालणाऱ्या गोष्टी मात्र वेगळ्याच असतात.

उपग्रहांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारे किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपली जागा काढू शकते. नागरी संकेतांची अचूकता जीपीएस चालवणारी अमेरिका मुद्दाम कमी ठेवत असे, तेही मे २००० मध्ये थांबले. तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली साधे यंत्रही काही मीटरच्या फरकाने जागा सांगते. ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या इतरांच्या उपग्रह प्रणालींचा फायदा होतो तो उंच इमारतींमध्ये किंवा खोल दरीत, जिथे आकाशाची पट्टीच दिसते. त्यातही एल१ या नेहमीच्या वारंवारतेसोबत एल५ ही दुसरी वारंवारता पकडणारे यंत्र मिळाले तर घ्यावे. भिंतीवर आपटून उशिरा आलेला संकेत एल५ वर वेगळा ओळखणे सोपे जाते, त्यामुळे गाडी शेजारच्या समांतर रस्त्यावर दिसण्याचा प्रकार कमी होतो.

पडद्यावरची खूण बरोबर जागी आहे आणि तरीही यंत्र चकवा लागल्यासारखे त्याच गल्ल्यांत फिरवते आहे, तर दोष उपग्रहांचा नसतो. नकाशा शिळा असतो. दुकानात यंत्र हातात घेतल्यावर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन नकाशाची आवृत्ती आणि तारीख पाहावी. मग गेल्या वर्षभरात सुरू झालेला, आपल्याला ठाऊक असलेला एखादा उड्डाणपूल किंवा बायपास शोधून पाहावा, आणि त्यावरून जाणारा मार्गही काढायला लावावा. रस्ता नुसता काढलेला असतो, पण शेजारच्या रस्त्याला जोडलेला नसतो, असेही घडते. अशा रस्त्यावरून यंत्र कधीच नेणार नाही.

‘लाइफटाइम मॅप’, म्हणजे आयुष्यभर नवे नकाशे, या शब्दांपाशी घोडे पेंड खाते. हे आयुष्य बहुधा ग्राहकाचे नसून यंत्राचे असते, आणि ते कधी संपले हे कंपनी ठरवते. शिवाय नकाशे दरवर्षी फुगत जातात. आठ जीबी साठवण असलेल्या जुन्या यंत्रात नवा नकाशा मावत नाही, मग एकेक प्रदेश निवडून भरावा लागतो. म्हणून मेमरी कार्डाची खाच आहे का आणि यंत्र किती जीबीचे कार्ड घेते, हे विचारावे. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर चार जीबीची किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही, आणि अद्ययावत करणे अर्ध्यावर अडण्याचे ते एक कारण असते. दुसरे कारण आणखी क्षुल्लक: फक्त चार्जिंगची केबल. तिच्यात माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात, त्यामुळे संगणकाला यंत्र दिसतच नाही.

वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ते चालू करून आधी तारीख पाहावी. जीपीएसच्या मूळ संकेतातला आठवड्यांचा आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. शेवटचा तो एप्रिल २०१९ मध्ये आला. सॉफ्टवेअर न बदललेली काही यंत्रे तेव्हापासून जवळपास वीस वर्षे मागची तारीख दाखवतात. असे यंत्र घेऊ नये.

आता बसवण्याविषयी. उष्णता रोखण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली समोरची काच संकेत अडवते. अशा काचेत आरशाजवळ बऱ्याचदा थर नसलेला, ठिपक्यांचा भाग ठेवलेला असतो. रस्ता दिसण्यात अडथळा न आणता यंत्र तिथे बसत नसेल तर बाहेरच्या अँटेनाची सोय असलेलेच घ्यावे. एअरबॅग उघडते त्या जागेवर ते कधीही लावू नये. सुमार दर्जाचा चार्जर किंवा डॅशकॅमही विद्युत गोंगाट करून संकेत दाबतो. प्लग काढताच उपग्रहांच्या रेघा वाढल्या, तर चोर सापडला.

फोन पुरेसा नाही का, हा प्रश्न रास्त आहे. फोनमधल्या जीपीएसला इंटरनेट लागत नाही. लागते ते नकाशाला आणि वाहतुकीच्या माहितीला. नकाशा आधीच उतरवून ठेवला तर नेटवर्क नसतानाही काम भागते. फक्त पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रहांच्या कक्षांची माहिती नेटवर्कऐवजी थेट उपग्रहांकडून, सेकंदाला अवघे ५० बिट या गतीने घ्यावी लागते. ती तीस सेकंद अखंड मिळायला हवी. म्हणून निघण्यापूर्वी गाडी मोकळ्यावर उभी ठेवून जागा पक्की होऊ द्यावी. फोनची खरी अडचण उन्हाची. तापला की तो पडदा मंद करतो आणि चार्जिंग थांबवतो. उलट, ताज्या कोंडीची माहिती फोनवर जितकी मिळते तितकी स्वतंत्र यंत्रावर मिळत नाही. बहुतेक यंत्रे त्यासाठी फोनलाच जोडावी लागतात. लांबच्या प्रवासात दोन्ही असलेले बरे. बोगद्यात मात्र दोन्ही आंधळेच. चाकांच्या फेऱ्या मोजणारी गाडीतली अंगभूत प्रणाली तिथे तग धरते. बोगदा संपताच वळायचे असेल तर ते वळण आधी पाहून ठेवावे.

नवे यंत्र बरेचदा सेटिंग न तपासताच वापरले जाते. ‘सर्वांत कमी अंतर’ निवडलेले असेल तर दोन किलोमीटर वाचवण्यासाठी ते बैलगाडीच्या वाटेवर घालते. ‘सर्वांत कमी वेळ’ निवडावे, कच्चे रस्ते टाळण्याची खूण करावी. उंच किंवा जड वाहन असेल तर उंची आणि वजन भरता येणारेच मॉडेल हवे. मोटारीसाठीच्या यंत्राला पुलाखालची उंची कळत नाही. अक्षांश-रेखांश भरताना पद्धत तपासावी. ४० अंश ३० मिनिटे अक्षांश म्हणजे ४०.५०, तेच ४०.३० असे भरले तर मुक्काम सुमारे २२ किलोमीटर सरकतो.

यंत्र विकणाऱ्यांनी खोक्यावर तीन गोष्टी ठळक छापाव्यात: नकाशा कोणत्या महिन्याचा, नवे नकाशे कोणत्या वर्षापर्यंत मिळतील आणि नकाशा भरल्यावर मोकळी जागा किती उरते. तोवर आपल्या वृत्तपत्रातील तुलनात्मक तक्त्यांत पडद्याच्या इंचांशेजारी हे तीन रकाने घालावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक