चर्चच्या मागे कॅरव्हान लावणाऱ्या काका-काकूंना

प्रिय काका, काकू,

तुम्हाला इंग्रजीत कार्ड पाठवलं, पण कार्डावर मावतं ते किती? शिवाय नगरकडची आमची माणसं फोनवर सारखी विचारतात, "फोटोत असतात ते गोरे आजी-आजोबा कोण गं?" म्हणून हे सविस्तर आणि मराठीत लिहितेय. माझी लेक तुम्हाला फोनवर वाचून अर्थ सांगेल. तिच्या पद्धतीने सांगेल, तेव्हा थोडं मीठमिरची धरून चाला.

इथे सगळे तुम्हाला नावाने हाक मारतात. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. आईवडिलांच्या वयाच्या माणसांना नावाने बोलवायला जीभच वळेना. तुम्ही एक प्रश्न न विचारता काका-काकू झालात, त्याबद्दल आधी आभार.

आमच्या लोकांसाठी थोडं सांगते. ऑस्ट्रेलियात निवृत्त झालेली पुष्कळ जोडपी घराला कुलूप लावतात, गाडीमागे कॅरव्हान जोडतात आणि महिनोन् महिने देश बघत हिंडतात. त्यांना इथे ग्रे नोमॅड्स म्हणतात. जून-जुलैत दक्षिणेकडे थंडी पडली की त्यांची रांग उत्तरेकडे सरकते. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेला, नायंगनच्या पुढे, आमच्यासारखी छोटी गावं त्यांना वाटेत लागतात. डिझेल भरायचं, बेकरीतला मीट पाय खायचा, पुढे निघायचं. त्यात वाईट काही नाही. त्यांच्यामुळेच बेकरी चालते.

तुम्ही मात्र चर्चच्या मागच्या आवारात कॅरव्हान लावलीत, बाहेरच्या प्लगमधून वायर ओढलीत आणि पहिल्याच दिवशी विचारलंत, "कुणाला सुट्टी हवी आहे का?"

हा प्रश्न मी त्याआधी कुणाकडून ऐकला नव्हता. मदतीला येणारी माणसं बघितली होती. मी नर्स आहे, आमच्या एमपीएसमध्ये, म्हणजे छोटं रुग्णालय आणि वृद्धांची शुश्रूषा एकाच छताखाली, बाहेरून खूप जण येतात. बहुतेकांच्या डोक्यात नवीन काहीतरी सुरू करायचं असतं. ते सुरू होतं, फोटो निघतात, ते जातात आणि चालवायचं पुन्हा आमच्याच गळ्यात पडतं. नर्सला विचाराल तर सर्वांत मोठी मदत म्हणजे पाळी संपताना वेळेवर येऊन उभी राहणारी बदली. तुम्ही बदलीला आलात.

आमची मंडळी रविवारी सात-आठ जणांची, मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस असले की त्याहून कमी. पाळकसाहेबांकडे कितीतरी गावं. आमच्याकडे यायला त्यांना गाडीने दोन तास लागतात, तेव्हा महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार आमचे आम्ही. नगर जिल्ह्यात वाढलेल्या मला हे नवं नव्हतं. आमच्याकडेही एका पाळकाच्या अंगावर चार-पाच गावं असायची आणि उपासना गावातल्याच कुणी वडीलधाऱ्याने चालवायची. नातंही तसं जवळचंच. इथलं युनायटिंग चर्च २२ जून १९७७ ला मेथॉडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन एकत्र येऊन झालं. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया त्याच्या सात वर्षं आधी, १९७० मध्ये नागपुरात. नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशनही काँग्रिगेशनलच. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले होते, "म्हणजे आपण चुलत!"

या ओसाड मुलखात फिरून सेवा करायची रीतही जुनी. वीस डॉलरच्या नोटेवर ज्यांचा चेहरा आहे त्या जॉन फ्लिन यांनी १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन सुरू केलं. त्यांचे पाद्रे उंटांवरून मैलोन् मैल शेतांवर जायचे. १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीहून निघालेलं पहिलं उडतं डॉक्टर-विमानही त्यांच्याच खटपटीतून. त्या फ्लाइंग डॉक्टरांचं विमान आजही आमचा अत्यवस्थ रुग्ण न्यायला येतं, तेव्हा मला त्या नोटेची आठवण होते. उंटांच्या जागी आता तुमची कॅरव्हान आली, इतकंच.

तुमच्या प्रश्नाला त्या दिवशी कुणी पटकन उत्तर दिलं नाही. इथली माणसं मागत नाहीत. मग मीच बोलले, की चावी ज्यांच्याकडे असते त्या आजींना सुट्टी हवी आहे. ऐंशी ओलांडलेल्या. दर रविवारी दार त्या उघडतात, झाडतात, फुलं ठेवतात, वाचनाचे कागद छापतात, चहाचं पाणी चढवतात. लेक ॲडलेडला. तिच्याकडे त्या कित्येक वर्षांत राहायला गेल्या नव्हत्या, कारण "मग चर्च कोण उघडणार?"

चावी द्यायला त्यांनी पाच दिवस घेतले. चावीबरोबर दोन पानी यादी दिली, पेन्सिलने लिहिलेली. चहाचं पाणी तापवायचा विजेचा अर्न उपासना संपायच्या वीस मिनिटं आधी लावायचा, आधी लावला तर फ्यूज उडतो. प्रभुभोजनाचा द्राक्षरस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बाटलीमागे. बाजूचं दार ओढायचं नाही, उचलून ढकलायचं. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर कुणाला बसवायचं नाही. याचं कारण लिहिलं नव्हतं आणि तुम्ही विचारलं नाहीत. त्यांचे यजमान तिथे बसायचे, हे तुम्हाला मी नंतर सांगितलं.

काकू, स्वयंपाकघरातलं ते कपाट बघून तुमचे हात शिवशिवत होते, मी पाहत होते. कप एकीकडे, बश्या दुसरीकडे, झाकणं भलतीकडेच. एका सकाळीत लावून टाकलं असतंत. नाही लावलंत. "घर त्यांचं आहे," म्हणालात आणि चहा गाळायला लागलात. आजी परतल्या तेव्हा त्यांना अंधारातसुद्धा साखर सापडली.

काकांनी मात्र दाराला हात लावला, तोही फोनवर आजींना विचारून. आमच्याकडची जमीन दुष्काळात आकसते, पावसात फुगते आणि लाकडी इमारती तिच्याबरोबर वाकड्या होतात. बिजागऱ्या काढून दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलंत, वरची कड रंध्याने तासलीत. माझी लेक भुश्यात बसून भुगे गोळा करत होती. वायरिंगला काकांनी बोटही लावलं नाही. २०२१ च्या उंदरांनी भिंतीतल्या वायरी कुरतडल्या होत्या. त्या वर्षी उंदीर नुसते आले नव्हते, लोटले होते. धान्य, गवताच्या गंज्या, गाद्या, गीतांची पुस्तकं, काही सोडलं नाही. त्यांचा वास पुढे कितीतरी दिवस गेला नव्हता. परवाना असलेला इलेक्ट्रिशियन नायंगनहून येईपर्यंत तुम्ही फक्त खुणा करून ठेवल्यात.

ऑप शॉपचं तर सांगायलाच हवं. जुने कपडे, भांडी विकायचं आमचं ते दुकान, चर्चच्या विम्याचा हप्ता बराचसा त्यातूनच निघतो. ते उघडायला माणूस नसायचा. काकू, तुम्ही काउंटरवर बसलात आणि गावातल्या निम्म्या बायकांची दुःखं तुम्हाला कळली. त्यातली एकही तुम्ही मला सांगितली नाहीत. मी नर्स म्हणून बरीच ओळखून होते, तरीही.

काकांच्या उपदेशांबद्दल खरं बोलू? बेताचेच. पाळकसाहेबांनी ईमेलने पाठवलेला उपदेश तुम्ही अगदी गुरं मोजल्यासारखा एका सुरात वाचायचात. पण माझं भजन ऐकून तुम्ही खिशातून दोन चमचे काढलेत आणि गुडघ्यावर ताल धरलात, तेव्हा वाटलं, या माणसाला नगरच्या ख्रिस्ती मेळ्यात न्यायला पाहिजे. टाळ हातात आले की काय करतील कोण जाणे!

आणि माझं स्वतःचं. नवरा खाणीत कामाला, त्याच्या पाळ्या माझ्याशी कधीच जुळत नाहीत. तुम्ही इथे होतात तोवर माझ्या रात्रपाळीला लेक कॅरव्हानमध्ये झोपायची. कोणतं भाडं, कोणती परतफेड, असा विषय निघाला की काकू विणकाम पुढे ओढायच्या. आई इथे असती तर तिने जे केलं असतं ते तुम्ही केलंत. आईला मी हे फोनवर सांगितलं. ती काही क्षण बोललीच नाही, मग म्हणाली, "त्यांना पापड पाठवायचे का?" इथले कस्टमवाले पार्सलं उघडतात म्हणून तिला थांबवलंय.

आता बातमी. आजी सप्टेंबरात पुन्हा ॲडलेडला चालल्यात. या वेळी चावी आणि ती दोन पानं माझ्याकडे आहेत. त्यांनी पेन्सिलने एक ओळ वाढवलीय: "बाजूचं दार आता ओढलं तरी चालेल." बाहेरचा प्लगही नवा बसवलाय, कॅरव्हानच्या पंधरा अँपिअरचा. यायचं ठरलं तर संध्याकाळच्या आत या, कांगारू अंधारात थेट गाडीपुढे येतात हे तुम्हाला मी काय सांगणार. गावाजवळ आलात की गाडीतल्या यूएचएफ रेडिओच्या १८ नंबरवर आवाज द्या. लेकीने जुना सेट स्वयंपाकघराच्या खिडकीत लावून ठेवलाय आणि दर कॅरव्हानवाल्याला विचारते, तुम्हीच का म्हणून. चार-दोन जण तर चहालाही थांबून गेले.

मनापासून आभार, काका. मनापासून आभार, काकू.

तुमची,
एमपीएसमधली नर्स, तिचा नवरा आणि तुमची चमचेवाली शिष्या