भाजीवाल्या मावशींना, बटाट्याच्या पाल्याबद्दल

मावशी,

सप्रेम नमस्कार. पत्र नातीकडून वाचून घ्या. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण यंदा श्रावणात कोथरूडात गच्चीवर मातीच्या पिशव्यांत बटाटे लावलेल्या आम्हा सगळ्यांची एकच रड होती: पानं काळी पडतायत. दुकानात गेलं की औषधाची बाटली हातात पडायची. रोग कुठला, ते कोणी बघत नव्हतं. तुम्ही बघितलंत.

मी नुसतं "डाग आलेत" म्हटलं, तर मेथी निवडता निवडता तुम्ही सुरू केलंत. खालच्या पानांवर की शेंड्याकडे? डागात गोल कडी दिसतात का? सकाळी दव असताना पान उलटून बघितलं का? हल्ली डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाहीत. मग म्हणालात, प्रत्येक पिशवीतला पाला वेगळा बांधून आणा. सातगाव पठारावर पावसाळी बटाटा करण्यात तुमचा जन्म गेलाय, ते त्या दिवशी कळलं.

एका पाल्याच्या खालच्या जून पानांवर तपकिरी डाग होते आणि आत एकात एक वलयं. हा लवकरचा करपा, सावकाश वर चढतो, घाई नको, म्हणालात. तेवढी पानं खुडायची, पाणी पानांवर न मारता बुडाशी द्यायचं. दुसरा पाला बघून मात्र तुमचा चेहराच बदलला. पानांच्या कडेला उकडल्यासारखे ओले काळपट डाग, देठही काळे, आणि पान उलटलं तर डागाच्या कडेने पांढरी बुरशी. उशिराचा करपा. झड आणि गार हवा मिळाली की हा काही दिवसांत अख्खं रान झोपवतो. 1845 पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडून सुमारे दहा लाख माणसं मेली, ती याच करप्याने बटाटा नासल्यामुळे. हे मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "मग तिथं दुसरं काय पिकवत न्हवते?" बरोबर बोट ठेवलंत. गरिबांच्या पोटाला बटाट्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.

लागलेलं झाड औषधाने बरं होत नाही, फवारणी ती शेजारच्या निरोगी झाडांसाठी, हे तुमच्याआधी मला कोणीच सांगितलं नव्हतं. रोगट झाडांचा पाला बुडापासून कापून पिशवीत बंद केला, कंपोस्टात टाकला नाही. बटाटे मात्र लगेच उकरले नाहीत. दोनेक आठवडे मातीतच ठेवले, म्हणजे साल पक्की होते आणि वरची बुरशी काढताना कंदाला लागत नाही. उरलेल्या झाडांना मोरचूद आणि चुना, लिटरला दहा-दहा ग्रॅम, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र. तुमची ती सुरीची खूण फार आवडली: लोखंडी पातं बुडवायचं, तांबूस थर धरला तर चुना वाढवायचा. आमच्या मुलाला अख्ख्या रसायनशास्त्रात एवढाच प्रयोग आवडलाय.

तिसऱ्या पिशवीतलं झाड हिरवंगार असतानाच माना टाकत होतं. त्याचं खोड कापून तुम्ही चहाच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरायला लावलंत. कापल्या जागेतून दुधासारखी धार खाली उतरली. ही मर, जिवाणूची; फवारून उपयोग नाही. झाड मातीच्या गड्ड्यासकट काढलं. त्या मातीत आता बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची काही लावणार नाही, तुमच्या सल्ल्याने मेथी टाकलीय.

ज्यांच्याकडे जाते त्या प्रत्येकीला आता पान उलटून बघायला लावते. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे डाग उलटे-सुलटे बघून झाल्यावर निघालं की त्यांना करपा नव्हताच. उन्हाने भाजलेली पानं ती. बाटलीचे पैसे वाचले.

तुम्ही माझ्याकडून त्या दिवशी मेथीचेच पैसे घेतलेत, बाकीचे काही घ्यायला तयार नव्हतात. ते चालणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटी रब्बीची लागवड करायचीय, घरातल्या मोड आलेल्या बटाट्यांची नाही. मंचरला पंजाबातलं बेणं आलं की माझ्यासाठी दोन किलो घ्या, कोंबडीच्या अंड्याएवढं, न कापता लावता येईल असं. पैसे आगाऊ पाठवते, आणि टेम्पोच्या भाड्याचेही धरा.

तुमची,
कोथरूडची मेथीवाली ताई