रविवारच्या संग्रहालय भेटीबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला संग्रहालयात जमायचं आहे, विसरू नका. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या कागदी नोटा, म्हणजे 'असिन्या', फक्त याच महिन्यात मांडलेल्या आहेत.

जप्त केलेल्या चर्चच्या जमिनी तारण ठेवून १७८९ मध्ये सरकारने हे कागद काढले. सुरुवातीला ते व्याज देणारे रोखे होते, पुढच्या वर्षी चलन झाले. मग छपाई थांबेचना, त्यांची किंमत कोसळली आणि फेब्रुवारी १७९६ मध्ये पॅरिसच्या चौकात छपाईचे साचे जाहीरपणे जाळले गेले. दहा लिव्रच्या (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) नोटेपाशी जरा थांबा. तिच्यावर २४ ऑक्टोबर १७९२ ही तारीख आहे, म्हणजे राजेशाही संपून जेमतेम महिना झाला होता. नकली नोट करणाऱ्याला मृत्युदंड आणि त्याची खबर देणाऱ्याला बक्षीस, अशी तंबी नोटेवरच छापली आहे. शाईविना उठवलेला ठसा तिरक्या उजेडातच दिसतो, त्यामुळे फ्लॅश मारून काही उपयोग नाही. शिवाय जुन्या कागदाला तो सोसतही नाही.

नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्या सभासदांनी जरूर यावं. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या गावाने सव्वादोनशे वर्षांहून जुनी कारागिरी पारखायला नको का?

खोली लहान आहे, एका वेळी दहाच जण आत. पिशव्या आणि ओल्या छत्र्या बाहेर ठेवा. आणि कृपा करून काचेवर रेलू नका. मागच्या खेपेला बोटांचे ठसे पुसता पुसता आमची दुपार गेली.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं.

– चिटणीस