दिलीपला पत्र : दहा संत्री आणि 95 टक्के

नागपूर
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सेकंड इयरच्या पोरांना स्टॅटिस्टिक्सची सूत्रं तोंडपाठ आहेत, पण उत्तराचा अर्थ विचारला की वर्ग गप्प होतो, असं लिहिलंस. दोष पोरांचा नाही राजा. कॉन्फिडन्स इंटरव्हल (खऱ्या सरासरीसाठी नमुन्यावरून काढलेला पट्टा) हा एक धडा, हायपोथेसिस टेस्टिंग (एखादा दावा आकड्यांवरून तपासणं) हा दुसरा, मधे युनिट टेस्ट. दोन्ही एकाच आकडेमोडीतून निघतात हे त्यांना कोणी दाखवतच नाही. माझं ऐकशील तर आधी इंटरव्हल पक्कं करून घे आणि टेस्ट त्यातूनच बाहेर काढ. "सिग्निफिकंट आहे की नाही", म्हणजे फरक निव्वळ नशिबाचा म्हणून सोडून देता येईल का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येऊ दे.

काटोलची पोरं आहेत, निम्म्यांच्या घरी बाग असेल. संत्र्यावरच शिकव. आंबिया बहाराचं फळ सध्या निघतंच आहे. समज, बागवान म्हणतो की माझ्या बागेतलं फळ सरासरी 150 ग्रॅमचं आहे. चिठ्ठ्या टाकून 10 झाडं निवडायची, प्रत्येक झाडावरचं एकेक फळ, तेही चिठ्ठीनंच ठरवून तोडायचं आणि वजन करायचं. हे आकडे मी उदाहरणासाठी बसवले आहेत, म्हणजे हातानं गणित सुटेल:

138, 151, 127, 160, 144, 133, 149, 155, 129, 144.

बेरीज 1430, सरासरी 143. प्रत्येक आकड्यातून 143 वजा कर, वर्ग कर, बेरीज कर: 1112. तिला 9 नं भागायचं, 10 नं नाही. कारण फरक आपण याच दहांच्या सरासरीपासून मोजले. त्यांची बेरीज शून्य यावीच लागते, म्हणून नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो. भागाकार 123.56, त्याचं वर्गमूळ 11.12. हे झालं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे एकेक फळ सरासरीपासून साधारण किती हटून असतं. त्याला 10 च्या वर्गमूळानं, म्हणजे 3.162 नं भागलं की 3.515. हा स्टँडर्ड एरर. दहा-दहा फळांचे नमुने पुन्हापुन्हा घेतले तर त्यांच्या सरासऱ्या खऱ्या सरासरीभोवती साधारण किती हलतील, ते हा सांगतो. या दोन आकड्यांची गल्लत फार होते. बोर्डावर दोन्ही शेजारीशेजारी लिही, आणि प्रत्येकापुढे "कशाचं हलणं?" हा प्रश्न लिही.

आता टी-टेबल, म्हणजे छोट्या नमुन्यांसाठीचं टेबल. डिग्रीज ऑफ फ्रीडम 9 (वरचे नऊ मोकळे फरक), 95 टक्क्यांसाठी 2.262. गुणाकार 3.515 × 2.262 = 7.95. इंटरव्हल 135.05 ते 150.95. बागवानाचे 150 आत बसतात, पण अगदी काठावर. हा काठ मी मुद्दाम ठेवला आहे, कारण कुठली चूक काय करते ते इथे लगेच दिसतं.

पहिली चूक: 2.262 च्या जागी सवयीनं नॉर्मल टेबलातलं 1.96 घेणं. मग दोन्ही बाजूंना 6.89 येतात, इंटरव्हल 136.11 ते 149.89, आणि 150 बाहेर! फळं तीच, वजनं तीच, फक्त टेबल बदललं आणि बागवान खोटा ठरला. 1.96 चालतं ते पॉप्युलेशनचं (इथे सगळ्या बागेचं) स्टँडर्ड डेव्हिएशन ठाऊक असेल तेव्हा, किंवा नमुना मोठा असेल तेव्हा. इथे 11.12 हा आकडासुद्धा त्याच दहा फळांवरून काढलेला अंदाज आहे, तोही कमीजास्त होतो, आणि त्याची भरपाई टी-टेबल करतं. दहाच्या नमुन्यावर 1.96 वापरलं तर नावापुरते 95 राहतात, प्रत्यक्षात साधारण 92 टक्केच इंटरव्हल बरोबर ठरतात. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटनं 1908 मध्ये "स्टुडंट" या टोपणनावानं हाच प्रश्न सोडवला. त्याच्यापुढेही नमुने छोटेच असायचे. एक्सेलवर करून घेणार असशील तर सांभाळ: कॉन्फिडन्स नावाचं जुनं सूत्र नॉर्मलवर चालतं. नावाच्या शेवटी टी असलेलं घ्यायचं. स्टँडर्ड डेव्हिएशनचं घेताना शेवटी एस असलेलं. पी असलेलं दहानं भागतं.

दुसरी चूक आकडे उतरवताना होते. 160 च्या जागी 260 लिहिलं गेलं तर? सरासरी 153 होते, आणि इंटरव्हल 125.3 ते 180.7, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट रुंद. पोरांना वाटतं एका मोठ्या आकड्यानं फक्त सरासरी वर सरकेल. रुंदी किती फुगते ते करून पाहू दे. म्हणून गणिताच्या आधी दहाही आकडे एका रेघेवर टिंबांनी मांडायची सवय लाव. छोट्या नमुन्याला टी लावताना वजनं साधारण घंटेच्या आकारात पसरलेली आहेत असं आपण धरतो. एकच टिंब लांब पडलेलं दिसलं तर आधी वहीतली नोंद तपासायची. नोंद बरोबर निघाली तर मात्र ते फळ गैरसोयीचं म्हणून काढून टाकायचं नाही.

आता अर्थाकडे येतो; वर्ग गप्प होतो तो इथेच. "खरी सरासरी 135.05 ते 150.95 मध्ये असण्याची शक्यता 95 टक्के" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत सापडेल, आणि ते चूक आहे. बागेची खरी सरासरी हा एक ठरलेला आकडा आहे, तो हलत नाही. हलतं ते इंटरव्हल, कारण दुसरी दहा फळं घेतली असती तर दुसरं आलं असतं. 95 टक्के हे पद्धतीचं मोजमाप आहे, हाती आलेल्या एका उत्तराचं नाही. संख्याशास्त्रज्ञ नेमननी 1937 साली ही कल्पना मांडली ती याच अर्थानं.

हे तोंडी सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं. 200 चिठ्ठ्या कर, 120 ते 170 च्या दरम्यानचे आकडे लिही, मधले जास्त आणि टोकांचे कमी, एकूण सरासरी बरोबर 145 येईल असे. आकडा तुलाच माहीत. वर्गात 60 पोरं असतील तर प्रत्येकानं 10 चिठ्ठ्या काढायच्या, दर वेळी आकडा टिपून चिठ्ठी परत डब्यात टाकायची आणि डबा हलवायचा. प्रत्येकानं आपलं इंटरव्हल काढून बोर्डावर आडव्या रेघेनं दाखवायचं. सगळ्या रेघा झाल्या की तू 145 वर उभी रेघ ओढ. साधारण 57 रेघा तिला छेदतील, 3 च्या आसपास चुकतील. कधी 1 चुकेल, कधी 6. एकही न चुकण्याची शक्यता 5 टक्क्यांहून थोडी कमी आहे, तसं झालंच तर घाबरू नको, पुन्हा एक फेरी घे. सगळ्या रेघांची लांबी सारखी नाही हेही दाखव; प्रत्येकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन वेगळं आलेलं असतं. मग चुकलेल्या एका रेघेवर बोट ठेवून विचार, "हिच्यात 145 असण्याची शक्यता किती?" पोरं स्वतःच म्हणतील, सर, ती तर छेदतच नाही. बागेत ही उभी रेघ कोणालाच दिसत नाही, एवढाच फरक.

टेस्टला आता फारसं काही उरत नाही. नल हायपोथेसिस, म्हणजे तपासण्यासाठी खरं धरलेलं म्हणणं: सरासरी 150. टी = (143 − 150) ÷ 3.515 = −1.99. टेबलातलं 2.262 ओलांडलं नाही, म्हणून नाकारता येत नाही. पी-व्हॅल्यू सुमारे 0.078. याचा अर्थ एवढाच: सरासरी खरोखर 150 असती, तर टी इतका किंवा याहून लांब, कुठल्याही बाजूला, येण्याची शक्यता 7.8 टक्के. "नल हायपोथेसिस खरी असण्याची शक्यता 7.8 टक्के" असं लिहिणाऱ्याचे गुण काप, कारण हे गणित नल खरी धरूनच सुरू झालेलं आहे.

आणि "म्हणून 150 सिद्ध झालं" असं कोणी म्हटलं, तर त्याला 140 घेऊन तीच टेस्ट करायला लाव. तीही नाकारली जात नाही. 138, 147, काहीही घे. 135.05 ते 150.95 मधला प्रत्येक आकडा 5 टक्क्यांच्या दोन बाजूंच्या टेस्टमधून सुटतो. इंटरव्हल म्हणजे न नाकारलेल्या आकड्यांची यादीच आहे. हे एक वाक्य ज्याला समजलं त्याला "नाकारता आली नाही" आणि "स्वीकारली" यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

आणखी एक पळवाट याच आकड्यांत लपली आहे. सरासरी 143 आली हे पाहिल्यावर कोणी म्हणालं की मला "150 पेक्षा कमी" एवढंच तपासायचं होतं, तर पी-व्हॅल्यू निम्मी होऊन 0.039 होते आणि निकाल उलटतो. एक बाजू की दोन, हे फळं तोडायच्या आधी वहीत लिहिलेलं हवं. आकडे पाहून बाजू निवडली तर 5 टक्क्यांची हमी राहत नाही. तसंच 20 बागा घेऊन प्रत्येकीवर 5 टक्क्यांची टेस्ट केली, तर सगळ्यांचं म्हणणं खरं असलं तरी निदान एक बाग खोटी ठरण्याची शक्यता 64 टक्के होते.

नमुना किती घ्यायचा, हे पोरं नक्की विचारतील. खरी सरासरी 145 असेल, तर दहा फळांची टेस्ट तो 5 ग्रॅमचा फरक चार वेळांतून जेमतेम एकदा पकडेल. ±3 ग्रॅम इतकं नेमकं उत्तर हवं असेल तर 1.96 × 11 ÷ 3 चा वर्ग कर, 52 येतात. टी धरून 55 घे. रुंदी निम्मी करायला नमुना चौपट लागतो, हे वर्गमूळामुळे. उलट टोकही दाखव: 1600 फळं, सरासरी 149, स्टँडर्ड डेव्हिएशन 20. टी −2, पी-व्हॅल्यू 0.046, निकाल "सिग्निफिकंट". इंटरव्हल 148.02 ते 149.98. कळमन्याच्या बाजारात एका ग्रॅमसाठी भाव कोण कमी करेल? 0.05 ही रेघसुद्धा निसर्गानं ओढलेली नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशरनी 1925 मध्ये सोयीची म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली.

दोन बागांच्या तुलनेत एक सापळा आहे. दुसऱ्या बागेतल्या 10 फळांची सरासरी 155 आणि पसारा (स्टँडर्ड डेव्हिएशन) तितकाच धर. तिचं इंटरव्हल 147.05 ते 162.95. पहिलीच्या इंटरव्हलवर ते चढतं, म्हणून पोरं लिहितात "फरक नाही". पण फरकाचं स्वतःचं इंटरव्हल काढ: स्टँडर्ड एरर 4.97, डिग्रीज ऑफ फ्रीडम 18, टेबलात 2.101, 12 ± 10.4, म्हणजे 1.6 ते 22.4. शून्य बाहेर! दोन वेगवेगळ्या रेघांची टोकं जुळवून फरकाचा निकाल लावायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र सूत्रात नाहीच. इंटरव्हल फक्त नमुन्याच्या नशिबाचं हलणं मोजतं. ढिगाच्या वरची, रसरशीत फळं उचलली, तर गणित कितीही नेटकं असू दे, उत्तर वरच सरकलेलं येणार. नमुना 10 चा 1000 केला तर चुकीच्या आकड्याभोवतीचं इंटरव्हल अरुंद होईल, एवढंच. एकाच झाडाची 10 फळंसुद्धा 10 झाडांच्या एकेका फळाइतकं सांगत नाहीत. ती एकमेकांसारखी असतात आणि इंटरव्हल खोटं अरुंद दिसतं.

इथे पोरांना संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं नाव सांग. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. 1930 च्या दशकात ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते, नेमनही तेव्हा तिथेच होते. पुढे भारतात पीक कापणी प्रयोगांवर काम करताना सुखात्म्यांनी दाखवलं की कापणीचा प्लॉट फार लहान घेतला तर उत्पादन फुगून येतं, कारण कडेवरची झाडं आत धरली जातात, आणि लहान प्लॉटला क्षेत्राच्या मानानं कडच जास्त. असे प्लॉट वाढवत नेले तरी ती फूग जात नाही. बऱ्याच पिकांच्या विम्याची भरपाई ठरवताना अशाच कापणीचे आकडे वापरतात, त्यामुळे तुझ्या वर्गात हे कान देऊन ऐकलं जाईल.

परीक्षेत उत्तर कसं लिहायचं, तेही विचारलंस. मी असं लिहून घेईन: "चिठ्ठीनं निवडलेल्या 10 झाडांवरच्या एकेका फळाची सरासरी 143 ग्रॅम; 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 135.0 ते 151.0, 150 ग्रॅमचा दावा या आकड्यांवरून नाकारता येत नाही, पण 140 चाही नाकारता येत नाही, ±3 ग्रॅमपर्यंत नेमकं सांगायला 55 फळं लागतील." दशांश शेवटीच कापायचे. मधेच 3.515 चा 3.5 केला की काठावरची उदाहरणं फसू शकतात.

चिठ्ठ्यांचा प्रयोग या आठवड्यात घेतलास तर साठही रेघांचा बोर्डाचा फोटो पाठव. रविवारी काटोल रोडनं येणार असशील तर आधी कळव, पेअर्ड टेस्टची (जोडीजोडीनं घेतलेल्या आकड्यांच्या तुलनेची) गणितं मी तोवर काढून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विवेक