युद्धाच्या बातमीसोबत नीट नकाशा छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी शाळेत भूगोल शिकवते. त्याशिवाय मला दोन नाद आहेत, एक जुन्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डच्या इतिहासाचा आणि दुसरा म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साध्यासुध्या माणसांनी रोजचे दिवस कसे काढले ते शोधून वाचण्याचा. लोकांना हे तीन वेगवेगळे कप्पे वाटतात, मला अजिबात वाटत नाहीत, आणि तुमच्याकडे जे मागणं आहे तेही या तिन्हीतूनच आलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. मागणं एवढंच की युद्धाची, बंदराची, जहाजं अडकल्याची बातमी असेल तेव्हा तिच्यासोबत नीट नकाशा द्या. शोभेचा नको, वाचता येईल असा द्या.

आता रेकॉर्डचा काय संबंध ते सांगते. भूगोलाच्या पुस्तकात लाख हा शब्द वनोत्पादनांच्या यादीत येतो, मध, डिंक, लाख, विषय संपला. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्याच मुलांच्या हातात जुनी रेकॉर्ड दिली की पहिलं वाक्य येतं, बापरे किती जड आहे, आणि दुसरं येतं, ही कशाची बनवलीय. तर ती लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा राळेसारखा थर सोडतो, तो खरवडायचा, धुवायचा, वितळवून त्याचं शेलॅक करायचं, मग त्यात दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडे सुताचे तंतू मिसळून गरम साच्यात दाबायचं, झाली रेकॉर्ड. शेलॅकचा वाटा साधारण पाव ते एक तृतीयांश, बाकी मुख्यतः भुकटीच, म्हणून ती एवढी जड आणि म्हणून हातातून पडली की तुकडे.

आणि जगाला ही लाख पुरवणारा मोठा पट्टा म्हणजे आपलं झारखंडाकडचं छोटा नागपूरचं पठार आणि त्याच्या आजूबाजूची जंगलं. तिथून कोलकाता बंदर, तिथून पुढे बोट. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्याला गायिका गौहर जान यांचा आवाज रेकॉर्ड झाला पण तबकड्या तयार होऊन आल्या त्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून! १९०८ साली कोलकात्यातच सियालदाला कारखाना निघाला तेव्हा कुठे हा फेरा संपला, पुढे १९२८ ला दमदमचा मोठा कारखाना आला. एका गाण्यामागे केवढा जलमार्ग होता हे मुलांना नकाशावर बोट फिरवूनच कळतं, नुसतं सांगून ते कळत नाही.

खरी गोष्ट मात्र युद्धात सुरू होते. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने हुकूम काढला की रेकॉर्ड कंपन्यांनी शेलॅकचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायचा. मुलांना आधी कळतच नाही की लढाईचा आणि गाण्याच्या तबकडीचा संबंध काय, मग मी त्यांना बंगालच्या उपसागराचा नकाशा काढायला लावते. त्याच एप्रिलमध्ये जपानी आरमार या समुद्रात शिरलं होतं, श्रीलंकेतल्या कोलंबो आणि त्रिंकोमाली या बंदरांवर बॉम्ब पडले आणि थोड्या दिवसांत वीसहून जास्त मालवाहू जहाजं बुडाली. त्याच्या आधी मलाया (आजच्या मलेशियाचा भाग) जपान्यांच्या हाती पडलं होतं म्हणजे रबर गेलं, बर्मा (आजचा म्यानमार) हातातून जात होता म्हणजे तांदूळ गेला. आणि शेलॅक तर लष्करालाच हवं होतं, विजेच्या कामाला, रंगाला, दारूगोळ्याला. मग गाण्यांसाठी काय उरणार? लोकांना सांगितलं गेलं की घरातल्या जुन्या फुटक्या रेकॉर्ड परत द्या, त्या दळून त्याचीच नवी करू. अशा वेळी किती जुने आवाज कायमचे दळले गेले असतील याचा विचार केला की मला अजून वाईट वाटतं.

बर्माच्या तांदळाचा धागा मी वर्गात सोडत नाही. पुढच्याच वर्षी, १९४३ ला, बंगालमध्ये दुष्काळ पडला, त्यात वीस ते तीस लाख माणसं गेली असं मानतात. त्याची कारणं अनेक होती, सरकारी धोरण होतं, साठेबाजी होती, चक्रीवादळ होतं, बोटी काढून घेतल्या होत्या, नुसता बर्मा नव्हे. पण बर्मा बंगालला किती लागून आहे हे नकाशावर बघितल्याशिवाय त्या कारणांमधलं एकही नीट बसत नाही असं माझं ठाम मत आहे.

टंचाईतून पुढे काय झालं तेही सांगते कारण मुलांना हे फार आवडतं. अमेरिकन सैनिकांसाठी १९४३ पासून व्ही-डिस्क नावाच्या खास रेकॉर्ड निघाल्या, त्यासाठी व्हिनाइल नावाचं प्लास्टिक वापरलं कारण ते प्रवासात फुटत नव्हतं आणि लाखेवर अडून राहायला नको होतं. १९४८ ला बाजारात आलेली लाँग प्ले रेकॉर्ड त्याच व्हिनाइलची.

आता नकाशाकडे येते. २३ फेब्रुवारी १९४२ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर बोलणार होते आणि त्यांनी लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की भाषण ऐकताना जगाचा नकाशा समोर ठेवा. दुकानातले नकाशे संपले! पेपरांनी नकाशे छापले आणि कोट्यवधी माणसं ते उघडून रेडिओपुढे बसली. त्यांना जे सांगितलं गेलं ते फार साधं होतं, की हे युद्ध एका आघाडीचं नाही, सगळ्या समुद्रांचं आहे, आणि माल पोचवायला अंतर किती लागतं ते स्वतः बघा. भूगोलाचा इतका मोठा वर्ग त्यानंतर कधी भरला असेल असं मला वाटत नाही.

उलट ब्रिटनमध्ये १९४० साली रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्या आणि स्टेशनांवरची नावं काढून टाकली होती, शत्रूचे सैनिक हवाई छत्रीने उतरले तर त्यांना आपण कुठे आहोत हे कळू नये म्हणून. आणि जर्मनीतल्या ब्रिटिश युद्धकैद्यांना पळून जाता यावं म्हणून पाठवलेल्या सामानात नकाशे लपवले जायचे, त्यात ग्रामोफोनच्या रेकॉर्डसुद्धा होत्या, रेकॉर्ड फोडली की आत नकाशा. माझे तिन्ही विषय एकाच तबकडीत! हे वर्गात सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणू नये. १९४० ते १९४३ या काळात भूमध्य समुद्र धोक्याचा झाला म्हणून ब्रिटनची बरीचशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जायची. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हाही मोठ्या कंपन्यांनी तोच वळसा घेतला. ही बातमी पेपरात आली पण सोबत काय होतं तर पेटलेल्या जहाजाचा फोटो. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब अल मंदेबची सामुद्रधुनी कुठे आहे, सुएझ कुठे, केप कुठे, वळसा घातला की किती दिवस वाढतात, हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? मोबाईलवर नकाशा मिळतो हे मला माहितीये, पण तिथे माणूस आपलं ठिकाण शोधतो आणि बंद करतो, जहाजाचा मार्ग आणि कच्च्या मालाचा उगम एकत्र दाखवणारा नकाशा कुणीतरी विचार करून काढावा लागतो, आणि ते काम बातमी लिहिणाऱ्यांनाच चांगलं जमेल.

म्हणून विनंती आहे की नकाशा द्याल तेव्हा त्यात अंतराचं प्रमाण द्या, शेजारचे देश कापू नका, मार्ग बाणाने दाखवा, ताबा बदलत असेल तर कुठल्या तारखेची परिस्थिती आहे ते लिहा आणि त्या वाटेने नेमका कुठला माल येतो जातो ते एका ओळीत सांगा. आणि रंग कमी वापरलेत तरी चालेल, काळ्या-पांढऱ्यातही रेषा ओळखू येतील एवढं बघा, कारण वर्गात तो मुलांच्या हातात झेरॉक्स होऊनच जाणार आहे.

आपली,
एक भूगोल शिक्षिका