गेम मास्टरचा निर्णय अंतिम, पण त्या डावापुरता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्या-मुंबईच्या बोर्ड गेम कॅफेंमध्ये आणि काही घरांच्या दिवाणखान्यांतही आता ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या जातकुळीतले टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ मराठीतून खेळले जातात. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर एक जण गेम मास्टर होतो आणि कथेतले जग, त्यातले राक्षस व वाटेत भेटणारी माणसे सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, त्या पात्राने काय करायचे ते बोलून सांगतात, आणि ते साधले की फसले हे बहुधा वीस बाजूंच्या फाशावर ठरते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. मी बरीच वर्षे गेम मास्टर म्हणून बसतो आहे. चांगले जमलेले गट मोडताना पाहिले तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच होते : नियमावरून झालेला आणि धड न मिटवलेला वाद. त्याविषयी काही लिहावे म्हणून हे पत्र.

‘गेम मास्टर म्हणेल ते अंतिम’ असे नवख्या खेळाडूला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. माझे म्हणणे असे आहे की तो निर्णय अंतिम जरूर असावा, परंतु त्या डावापुरताच. डाव आटोपल्यावर तो सर्वांसमक्ष पुन्हा तपासला गेला पाहिजे आणि चुकीचा निघाला तर झालेले नुकसान भरून दिले पाहिजे. गेम मास्टरची तुलना नेहमी क्रिकेटच्या पंचाशी केली जाते, ती मला अर्धीच पटते. पंच दोन्ही संघांच्या बाहेर उभा असतो. गेम मास्टर मात्र खेळाडूंवर चालून येणाऱ्या राक्षसांच्या वतीने खेळतो, त्यांचे फासे अनेकदा पुठ्ठ्याच्या पडद्याआड टाकतो, आणि त्याच हल्ल्यावरून वाद झाला की निवाडाही तोच देतो. एवढा अधिकार एका माणसाच्या हाती द्यायचा असेल, तर त्याला तपासणीची जोड हवीच.

असे वाद नेमके कशावरून होतात, याचे एक उदाहरण जरा तपशिलात देतो. पाचव्या पातळीवरची एक जादूगार गुहेच्या दालनात फायरबॉल टाकते. वीस फूट त्रिज्येचा आगीचा गोळा, सहा बाजूंच्या आठ फाशांइतके नुकसान, म्हणजे सरासरी २८. तिचा जखमी सोबती जाड दगडी खांबामागे उभा आहे. खांब त्याला वाचवील असे धरूनच तिने स्फोटाची जागा निवडली आहे. फासे पडतात आणि गेम मास्टर सांगतो की आग वळसा घालून खांबामागेही गेली, सोबती भाजला. तो म्हणतो ते निराधार नाही, कारण ही आग कोपऱ्यांतून वळते असे ‘प्लेयर्स हँडबुक’ या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकाच्या २०१४ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले आहे. जादूगाराची खेळाडू २०२४ ची सुधारित आवृत्ती उघडते. तीत फायरबॉलच्या वर्णनातून ते वाक्य काढून टाकले आहे, आणि मग लागू होतो तो सर्वसाधारण नियम : स्फोटाच्या केंद्रापासून ज्या जागेपर्यंत एकही सरळ रेषा पोहोचत नाही, ती जागा परिणामाच्या बाहेर. दोघांच्याही हातात छापील पान आहे आणि आपापल्या पानापुरते दोघेही बरोबर आहेत. अशा वेळी आवाज चढतात, तिसरा खेळाडू मोबाइलवर शोध घेऊ लागतो, चौथा चहा आणायला उठतो, आणि ज्याचे पात्र मरणाच्या दारात आहे त्याला कोणी काही विचारत नाही.

हा वाद एका वाक्याने टळला असता. फासे हाती घेण्यापूर्वी गेम मास्टरने एवढेच विचारायचे होते : ‘आग खांबामागेही जाईल, तरी टाकतेस का?’ असे विचारणे ही खेळाडूला दिलेली सवलत आहे असे काही जण मानतात. मला ते मुळीच मान्य नाही. वर्षानुवर्षे ही विद्या शिकलेल्या जादूगाराला आपली आग कशी पसरते हे माहीत असणारच. ते माहीत नसते टेबलावर बसलेल्या माणसाला, आणि त्याला ते सांगणे हे गेम मास्टरचे कर्तव्य आहे. खेळाडूनेही ‘मी फायरबॉल टाकते’ एवढ्यावर न थांबता ‘सोबत्याला न भाजता पलीकडच्या तिघांना गाठायचे आहे’ असा हेतू बोलून दाखवावा. हेतू आधी कळला की गैरसमज फासे पडण्यापूर्वीच उघड होतो, आणि तोवर कोणाचेही काही बिघडलेले नसते.

पंचाच्या अधिकाराचा हा प्रश्न या खेळाहून कितीतरी जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये तयार केलेला युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाई. त्यात नकाशा, फासे आणि हानीचे तक्ते असत. परंतु तक्त्यांचा पसारा इतका की पंचाचे काम करायला माणसे नाखूश असत. १८७६ मध्ये व्हेर्दी दु व्हेर्नुआ या सेनानीने बहुतेक तक्ते बाजूला ठेवून पंचाच्या विवेकावर खेळ चालवण्याचा पुरस्कार केला. पुढे अमेरिकेत टॉटन यांच्या १८८० च्या युद्धखेळात खेळाडूने काहीही करू पाहावे आणि पंचाने निकाल द्यावा हे तत्त्व आले. मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी ते उचलले, १९६९ मध्ये त्यावर आधारित डाव मांडला, आणि त्या डावात खेळणाऱ्यांमध्ये आर्नेसनही होते. म्हणजे गेम मास्टरच्या अधिकाराची वंशावळ थेट त्या सैनिकी पंचापर्यंत जाते. मात्र एक फरक नजरेआड करता येत नाही. व्हेर्दी यांचा पंच प्रत्यक्ष लढाई पाहिलेला अधिकारी असे आणि त्याचा शब्द त्या अनुभवामुळे मानला जाई. फायरबॉल कसा फुटतो याचा अनुभव आपल्यापैकी कोणालाच नाही. आपला अधिकार खेळाडूंच्या संमतीवर उभा आहे आणि ती संमती दर डावाला नव्याने मिळवावी लागते.

पुस्तकातले अक्षर हाच शेवटचा शब्द, असे म्हणणाऱ्यांचाही एक पक्ष आहे. त्यांनी अदृश्यतेच्या नियमाचा इतिहास पाहावा. २०१४ च्या नियमांचा शब्दशः अर्थ लावला, तर अदृश्य शत्रू जादूने स्पष्ट दिसत असला तरी तो दिसत नसल्यासारखीच त्याच्यावर वार करणाऱ्याची अडचण कायम राहत होती. पुष्कळ गेम मास्टरांनी हे विचित्र म्हणून सोडून दिले आणि दिसणाऱ्यावर नेहमीसारखा वार करू दिला. २०२४ च्या आवृत्तीने अखेर तेच मान्य केले. नियमांवरच्या शंकांना उत्तरे देणारे सदर ‘ड्रॅगन’ मासिकात १९७९ मध्येच सुरू झाले होते, यावरूनही पुस्तक सगळे सांगून संपत नाही हे दिसते.

मी आता जी पद्धत पाळतो ती अशी. वाद निघाला की दोन-तीन मिनिटे थांबायचे; ज्याला आक्षेप आहे त्याने पान दाखवायचे, आणि ते सापडले नाही तर मी निर्णय देतो व खेळ पुढे जातो. पात्राचा जीव जात असेल आणि शंका खरी असेल, तर निर्णय खेळाडूच्या बाजूने. मुद्दा तिथल्या तिथे वहीत लिहायचा, डाव संपल्यावर सगळ्यांनी मिळून वाचायचा, आणि ठरेल ते पुढच्या डावापासून राक्षसांना आणि पात्रांना सारखेच लागू करायचे. माझा निर्णय चुकीचा ठरला आणि त्यात कोणाचे पात्र गेले असेल, तर ते परत आणण्याची वाट कथेत काढणे ही जबाबदारी माझी.

नियमांचा मुद्दाम गैरफायदा घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. हजारो शेतकऱ्यांची रांग उभी करून एक दांडा सहा सेकंदांच्या एकाच फेरीत हातोहात शेवटपर्यंत पोहोचवायचा आणि मग तो तोफगोळ्याच्या वेगाने सुटला असा दावा करायचा, ही युक्ती जगभर प्रसिद्ध आहे. नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि नियमांचा अर्थ सद्भावनेने लावायचा असतो, असे गेम मास्टरसाठीच्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’ या पुस्तकाच्या २०२४ च्या आवृत्तीतच सांगितले आहे. तिथे वहीची गरज नाही, स्पष्ट नकार पुरे.

मला जास्त काळजी वाटते ती न बोलणाऱ्यांची. आपल्याकडे गेम मास्टर बहुधा वयाने मोठा असतो, मुले त्याला दादा किंवा ताई म्हणतात, आणि दादाला सगळ्यांसमोर ‘हे चुकले’ म्हणणे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला जड जाते. त्याच टेबलावर खेळाची तिन्ही मुख्य नियमपुस्तके पाठ असलेला जुना खेळाडू मात्र प्रत्येक शंका मांडतो आणि निम्म्या शंका जिंकतो. नवखा गप्प राहतो, मनात ठेवतो, आणि पुढच्या रविवारी येत नाही. म्हणून वही वाचताना मी सर्वांत नव्या खेळाडूला आधी विचारतो, आणि जुन्याला शेवटी.

ज्या कॅफेंमध्ये प्रवेशशुल्क घेऊन असे डाव ठेवले जातात, त्यांच्या चालकांना माझी विनंती आहे की कोणत्या वर्षाची आवृत्ती खेळली जाणार आहे आणि गेम मास्टरने स्वतः बदललेले नियम कोणते, हे नोंदणीच्या वेळीच लेखी द्यावे. वर सांगितलेली वहीही प्रत्येक टेबलावर ठेवावी आणि ती चाळायला डावाच्या ठरलेल्या वेळेतलीच शेवटची पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. कॅफे बंद व्हायची वेळ झाली की खुर्च्या उचलल्या जात असताना ते होत नाही.

आपला विश्वासू,
एक गेम मास्टर, पुणे